खळग्यातून आलेली वर्दी

टॉवरताईंच्या घरात अबोला सुरू होऊन आठवडा उलटला होता, आणि तो धरला होता नेमका अशा बाईने, जिच्या एका शब्दावर अख्ख्या टीव्ही केंद्राचं भवितव्य अडलं होतं. ती बाई म्हणजे ताईंच्या सासूबाई.

टॉवरताई हे नाव केंद्रातल्या लोकांनी ठेवलेलं. उंची बेताचीच, पण टेकडीवरच्या त्या प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावर बाईचा भारी जीव. नवरा एकदा वैतागून म्हणाला होता, "तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या लोखंडाशी?" उत्तर द्यायला ताईंनी जरा वेळ घेतला, ते त्याला अजून खुपतं.

तर हा मनोरा बंद करायचा घाट घातला गेला होता. लोक आता मोबाईलवर सगळं बघतात, मग मनोरा हवा कशाला, असं वरच्यांचं म्हणणं. वरच्यांना वर बसून खालचं काही दिसत नाही, ही जुनीच गोष्ट आहे. ताईंनी मात्र हाय खाल्ली नाही. त्यांनी तोड काढली. टीव्हीच्या लहरींमधली थोडी जागा मोकळी करायची आणि तिच्यातून अग्निशमन दलाला नकाशे, इमारतींचे आराखडे, आगीच्या जागेची चित्रं पाठवायची. मोठी आग लागली की बघे जमतात, प्रत्येक जण मोबाईल काढून उभा राहतो आणि ज्यांना खरी गरज त्या बंबवाल्यांनाच रेंज मिळत नाही. टीव्हीच्या लहरींचं तसं नाही. एकाने बघितलं काय आणि लाखाने बघितलं काय, तिथे गर्दीच होत नाही. बंबात एक डबा बसवायचा, त्याला पडदा जोडायचा, झालं काम. दलाने होकार दिला, की मनोरा वाचला.

अडचण एवढीच, की टॉवर बोलतो आणि डबा ऐकतो. पाठवलेलं पोचलं का, हे डबा सांगत नाही. ते कुणीतरी पडद्यासमोर बसून फोनवर कळवावं लागतं. चाचणीसाठी तीन डबे मिळाले होते. एक अग्निशमन केंद्राच्या खोलीत, एक बंबात आणि तिसरा टेकडीमागच्या खळग्यात, कारण लहरी पोचायला सगळ्यात अवघड जागा तीच. त्या खळग्यात मोबाईल नुसता घड्याळ म्हणून वापरतात. ताईंचं घर खळग्यातच असल्यामुळे डबा त्यांच्या घरी आला. उलट न बोलणारं काहीतरी एकदाचं घरात आलं म्हणून सासूबाईंना तो पहिल्या दिवसापासून आवडला.

आणि काय काम केलं बाईंनी! दुपारची झोप सोडली, शेजारणीकडचं बसणं सोडलं, डोळ्यात तेल घालून पडद्याकडे बघत राहिल्या. नकाशा दिसला रे दिसला की घरच्या फोनवरून ताईंना कळवायच्या, "आला गं. पण काढलाय कुणी? त्या शाळेचं फाटक मागच्या अंगाला आहे. आणि रंग किती भडक! डोळे दुखतात." बंबवाल्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "आलं असेल की."

अशी बाई बिघडली कशी? तर एका मालिकेवरून. आराखडे पाठवायचे म्हणजे टीव्हीच्या नेहमीच्या चित्रातली थोडी जागा काढून घ्यावी लागते. एरवी कुणाला पत्ता लागत नाही. पण त्या संध्याकाळी ताईंनी एक भलाथोरला आराखडा पाठवला, आणि नेमकी तेव्हाच मालिकेतल्या जुळ्या बहिणींपैकी खुनी कोण ते उघड होत होतं. बुरखा वर झाला आणि खुनी बाईचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटला. ताई दमून घरी आल्या, तर दारातच तक्रार. त्या फणकारल्या, "आई, तुम्हाला काय, दिवसभर बसून टीव्हीच तर बघायचा असतो!"

बोलल्या आणि बोलताक्षणी कळलं की गेलं. सासूबाई उठल्या, डब्यावर आणि पडद्यावर फडकं टाकलं आणि मुलाला म्हणाल्या, "सांग तुझ्या बायकोला, बसून टीव्ही बघणाऱ्या बाईकडून एवढं मोठं काम व्हायचं नाही."

मुलगा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानेच बोलत राहायची त्याला सवय. दोन बंद तोंडांमधून निरोप नेता नेता मात्र त्याच्या नाकी नऊ आले. ताईंनी माफी मागून पाहिली नाही असं नाही. स्वयंपाकघरात जाऊन "आई, मी काय म्हणते," एवढं म्हणाल्या, तर सासूबाईंनी मिक्सर लावला. आत काही नव्हतं, तरी लावला. एकच आशा होती. फडक्याखालून डब्याचा हिरवा दिवा दिसत होता. बाईंनी डबा झाकला होता, बंद केला नव्हता.

अशात प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. अग्निशमन केंद्राच्या खोलीत चीफसाहेब, टीव्ही केंद्राचे मॅनेजर आणि लॅपटॉप घेऊन ताई. तो लॅपटॉप थेट मनोऱ्याला जोडलेला. चीफसाहेबांच्या मिश्या अशा भरदार, की साहेब खोलीत शिरायच्या आधी त्या शिरत.

"माझं एकच म्हणणं आहे," चीफ म्हणाले. "खळग्यात पोचलं, तर माझा होकार. तिथे गाद्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आम्ही रेंज शोधत गल्ल्या पालथ्या घातल्या. कारखान्याने वाट बघितली नाही."

"मग बंबच पाठवू या ना खळग्यात," मॅनेजर म्हणाले. "त्यात डबा आहेच."

"वर्दी आल्याशिवाय बंब दारातून हलत नाही. मिरवायला ठेवलाय का तो?"

वर्दी म्हणजे आगीचा फोन. तो आल्याशिवाय बंब हलत नाही म्हटल्यावर खळग्यातली साक्षीदार एकच उरली, आणि ती बोलत नव्हती.

ताईंनी नकाशा पाठवला. भिंतीवरच्या पडद्यावर तो उमटला. अंगणात उभ्या बंबातून ड्रायव्हरने अंगठा दाखवला. आता खळगा. ताईंनी घरी फोन लावला. पलीकडे उचलला गेला. "आई, मी..." एवढ्यात ठक्क असा आवाज झाला आणि नंतर नुसती घरातल्या पंख्याची घरघर. रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता. नवऱ्याच्या दवाखान्यात फोन केला, तर तिथून उत्तर आलं, "डॉक्टर अक्कलदाढ काढतायत, मधे सोडता येणार नाही."

"काय झालं?" चीफनी विचारलं.

"कळेल आत्ता," ताई म्हणाल्या. मनोऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पण तो पंख्याचा आवाज त्यांना सहन होईना.

"चहा होईपर्यंत थांबतो मी," चीफ म्हणाले. "नंतर मला कामं आहेत."

चहा आला. पुरुषमंडळी कपांकडे वळली आणि ताई पाठ करून लॅपटॉपला भिडल्या. फोनवर ऐकत नाहीत ना, मग पडद्यावर वाचतील. त्यांनी यादीतला घरचा डबा निवडला आणि भराभर लिहीत सुटल्या. पण घाईत एक गोष्ट विसरल्या. घाईगर्दीत कुणी वगळलं जाऊ नये म्हणून, यादीत एकच डबा निवडला तरी, वेगळी खूण केल्याशिवाय पाठवायचं बटण दाबलं की संदेश आपोआप सगळ्या डब्यांना जाईल, अशी सोय त्यात केलेली होती. ती सोय हट्टाने करून घेतली होती खुद्द ताईंनीच.

बटण दाबलं. मॅनेजरांचं बिस्कीट चहात पडलं. ताईंनी वळून पाहिलं, तर भिंतीवर हातभर अक्षरांत त्यांचं काळीज टांगलेलं.

"आई, मी बोलले ते चुकलंच. तुम्ही बसून टीव्ही बघत नव्हता, माझं काम करत होता," चीफसाहेब सावकाश, मोठ्याने वाचत होते. "तुमच्याइतकं नीट काम इथल्या एकाही बंबवाल्याने केलेलं नाही. चीफसाहेबांना तर स्वतःच्या मिश्यांपलीकडचं..."

मॅनेजरांनी झडप घालून पडद्याची वायर उपटली. पुढचं भिंतीवर कुणालाच वाचता आलं नाही. चीफसाहेबांचा हात नकळत मिशीवर गेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईंना झालं.

आणि वर्दीचा फोन खणखणला. ऑपरेटरने नियमाप्रमाणे स्पीकर लावला. "अग्निशमन दल. बोला, आग कुठे?"

"आग नाही. माझी सून तिथे आलीय, तिला निरोप द्यायचाय."

"आजी, हा आगीचा नंबर आहे!"

"मग तिथेच आहे ना ती? मी तिच्याशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. तिला म्हणावं, नकाशा आला, स्वच्छ आला. त्याच्यामागून दुसरंही काही आलं. वरच्या ओळी नीट दिसल्या, शेवटची तेवढी फुटली. आणि तुमच्याकडे मिश्यावाले कोण आहेत, त्यांनी मनावर घेऊ नये." फोन बंद झाला.

मॅनेजर आनंदाने उठून उभे राहिले. "पोचलं! साहेब, खळग्यात पोचलं!"

चीफ मात्र टोपी चढवत होते. "चला. वर्दी आलीय."

"अहो, वर्दी कसली? निरोप होता तो."

"या नंबरावर आलेला प्रत्येक फोन म्हणजे वर्दी. आणि फोनवरच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही, डोळ्यांनी बघतो. मिश्यांपलीकडचंही बघतो," ते ताईंकडे न बघता म्हणाले. "तुम्ही इथून नकाशे सोडत राहा, मॅनेजर. ताई, तुम्ही बंबात बसा. घर तुमचंच आहे ना?"

घंटा वाजवत बंब निघाला. टेकडी ओलांडून खळग्यात उतरला तशी चीफच्या मोबाईलची रेंज गेली. डब्याच्या पडद्यावर मात्र गल्ल्यांचा नकाशा ठसठशीत उभा होता, घराघरांच्या फाटकांसकट. चीफ एकदा मोबाईलकडे बघत, एकदा पडद्याकडे. "आलं की हो," ते शेवटी म्हणाले. "होकार समजा."

मनोरा वाचला. ताईंनी मान डोलावली, पण आनंद काही होईना. आठवडाभर सासूबाई आपल्याशी बोललेल्या नाहीत, हेच डोक्यात होतं. चीफच्या होकाराचं त्या काय करणार होत्या?

बंब दारात थांबला तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आलेली. सासूबाई पायरीवर आल्या, चष्मा नाकावर, मान ताठ. सुनेकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"एवढा लवाजमा कशाला?" त्यांनी चीफना विचारलं.

"तुम्हीच वर्दी दिलीत."

"मग आलाच आहात तर सांगा. ती शेवटची ओळ माझ्याकडे फुटली. तुमच्यापैकी कुणी वाचली का?"

ड्रायव्हरने शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी वाचली. बंबात स्वच्छ आली होती."

"वाचा मग. जरा मोठ्याने वाचा, समोरच्यांना कमी ऐकू येतं."

ताई म्हणाल्या, "नको हो," पण आज्ञा पाळायची सवय लागलेला माणूस तो. गर्दी हटवायला बंबावर जो भोंगा असतो, त्याचा माईक त्याने तोंडाशी धरला. डब्यात जपून राहिलेला संदेश पडद्यावर उघडला आणि खळग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज घुमला, "घरी आल्यावर दिवस कसा गेला असं तुमच्याशिवाय मला कुणी विचारत नाही. आठवडा झाला, कुणी विचारलं नाही. मला करमत नाही, आई."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं.

"कसा गेला गं आजचा दिवस?"

"वाईट," ताई म्हणाल्या. "फार वाईट गेला, आई." आणि त्या रडायलाच लागल्या. तो हुंदका माईकने उचलला आणि साऱ्या खळग्याला ऐकवला.

सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी सुनेचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून ड्रायव्हरकडे बघून दटावलं, "बंद करा ते आता. हे आमच्या घरातलं आहे."