विहीणबाईंच्या खोलीतली भिंत

आप्पा तीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसभर जरी चुकला असेल तरी लाल खडूने फुली मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. कामगार त्यांना पाठीमागे ‘फुलीवाले’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर ते एकटेच राहत. मुलीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, दुपारचं जेवण तिच्याकडेच. जावई जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात मुलगी आणि तिची सासू, एवढ्याच दोघी. त्यामुळे नळाची वायसर असो की कपाटाची बिजागरी, आप्पांना हाक जायची. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत ते कामाला लागत.

एक दिवस विहीणबाई म्हणाल्या, "पलंगाजवळ एक फळी ठोकून द्याल का? चष्मा, औषधं, रेडिओ, सगळं हाताशी राहील."

"आत्ता देतो."

"पण पलीकडे न्हाणीघर आहे. ही भिंत पोकळ, आतून पाइप गेला असेल एखादा. विचारून घ्यायचं का कुणाला?"

आप्पा हसले. "विहीणबाई, माझ्या नजरेखालून किती भोकं गेलीत ते मोजायला बसलो तर जेवण थंड होईल."

भिंत जिप्समच्या बोर्डाची होती. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत जात होतं. पहिले दोन स्क्रू बसले. तिसऱ्याला आत काहीतरी कठीण लागलं. आप्पांनी जोर दिला, ते एकदम सुटलं, आणि ड्रिलच्या टोकाला पाणी आलं. फार नाही, बोट ओलं होईल इतकंच. त्यांनी घाईघाईने स्क्रू घालून कचकचून आवळला. पाणी थांबलं. रुमालाने त्यांनी भिंत पुसली.

विहीणबाई तेव्हा चहा करायला गेल्या होत्या. कप घेऊन आल्या, फळी पाहिली आणि म्हणाल्या, "मी उगाच शंका काढली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. आप्पांनी कप घेतला आणि चहा छान झालाय म्हणाले.

तीन आठवड्यांनी फळीखाली तळहाताएवढा पिवळट डाग उमटला. आप्पांनी पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, रंगाचे दोन हात दिले. डाग होता कुठे, हे सांगूनही कुणाला दिसलं नसतं. पंधरा दिवसांनी तो रंगाखालून परत आला, आता ताटाएवढा. पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. या खेपेला बोट ठेवल्यावर भिंत मऊ लागली, आणि खोलीत कोंदट वास यायला लागला. कारखान्यात असा तुकडा आला असता तर त्यांनी क्षणभरही विचार केला नसता.

मुलीने आपल्या परीने कारण शोधून काढलं. जेवणं झाल्यावर ती सासूला म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही ओला टॉवेल पलंगाच्या कठड्यावर टाकता ना, तो भिंतीला लागतो. आणि तांब्याही तिथेच असतो. त्यानेच ओल धरत असेल."

विहीणबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असेल गं माझंच. हात थरथरतो हल्ली. सांडत असेल, मला कळत नसेल."

आप्पा तिथेच खुर्चीत पेपर वाचत होते. एकाच बातमीची एकच ओळ त्यांनी चार वेळा वाचली. तोंड उघडायचं त्यांच्या अगदी मनात होतं. पण आपल्यावर पोरीची केवढी भिस्त आहे, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि पेपर वर सरकला.

दुसऱ्या दिवसापासून विहीणबाई टॉवेल बाहेर दोरीवर नेऊन टाकू लागल्या. तांब्या खोलीतून गेला. पाणी हवं असलं की त्या भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जात. मुलीने फोनवर नवऱ्याला सांगितलेलं आप्पांनी ऐकलं, "आईंचं आता वय झालंय रे, लक्ष ठेवावं लागतं." मग विहीणबाईंना खोकला लागला. तो जाईना, तशा त्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागल्या.

आज बोलू, आज बोलू म्हणत आप्पा येत आणि पोळी चिवडून परत जात. जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. आता नुसती भोकाची गोष्ट राहिली नव्हती, गप्प बसल्याचीही झाली होती.

एका सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, भिंत परत फुगलीय. रंग आणू का?"

आप्पांनी फुगवट्यावर अंगठा ठेवला. अंगठा आत गेला.

"रंग नको," ते म्हणाले. "मिस्त्रीला बोलाव."

"तुम्ही असताना?"

"बोलाव."

मिस्त्री आला. पन्नाशीचा, बोलायला मोकळा. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, वास घेतला.

"खिळ्याचं भोक, टेबलाचा कोपरा लागून पडलेला खड्डा, बारीक चीर, हे घरच्या घरी भरावं. त्याला मी कशाला? पण डाग रंगाखालून परत आला, बोर्ड मऊ पडला, फुगला, की हात लावू नये. आतलं कारण शोधावं लागतं." मग त्याने रंगावरून हात फिरवला. "पुट्टी कुणी मारली? हात सफाईदार आहे. पण गळवावर पावडर लावल्यासारखं झालंय."

दारातून विहीणबाई म्हणाल्या, "माझा टॉवेल असायचा हो तिथे."

"टॉवेलाने एवढी ओल धरत नाही, आजी. ही आतून आलीय." मिस्त्रीने पिशवीतून करवत काढली आणि कुठून कापावं ते बघू लागला.

"थांबा," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आधी पाणी बंद करा. आणि फळीच्या उजव्या स्क्रूपाशी कापा. पाइप तिथे आहे."

मुलगी वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच भोसकलाय तो. फळी लावली त्याच दिवशी. मला तेव्हाच कळलं होतं."

मिस्त्री टाकीचा वरचा कॉक बंद करून आला आणि बोर्ड कापू लागला. तुकडा निघाला तसा वास खोलीभर पसरला. बोर्डाची पाठ काळी पडली होती, बुरशीने भरलेली. मधोमध पाइप आणि त्यात रुतलेला गंजका स्क्रू.

"यानेच भोक बुजवून धरलं होतं," मिस्त्री म्हणाला. "म्हणून थेंब थेंब. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर दोन तासांचं काम होतं."

विहीणबाई तिथे थांबल्या नाहीत. आप्पा मागोमाग बाहेरच्या खोलीत गेले आणि दिवाणासमोर उभे राहिले.

"माझं चुकलं, विहीणबाई."

"भोक पडलं त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "भोक कुणाच्याही हातून पडतं. पण सून मला समजावत होती तेव्हा तुम्ही इथे बसला होतात. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझं डोकं चालेनासं झालंय. तांब्या उचलताना मी खाली बघायची, सांडलं का म्हणून. रोज."

आप्पांनी मान खाली घातली.

काम पाच दिवस चाललं. पाइप जोडला, दोन दिवस पंखा लावून आतली जागा वाळवली, मग नवा बोर्ड बसवून सांधे भरले. आप्पा रोज येत, राडारोडा खाली नेऊन टाकत. मुलगी त्यांना वाढत होती, पण बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाली, "बाबा, मी त्यांना काय काय बोलले." आणि रडली. विहीणबाईंना डॉक्टरकडे न्यायला आप्पा तयार होऊन आले, तर त्या म्हणाल्या, "मी सुनेबरोबर जाते."

रविवारी जावयाचा फोन आला. आप्पांनी मुलीच्या हातातून तो मागून घेतला, स्पीकर लावला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. फळीपासून, पुट्टीपासून, पेपर तोंडासमोर धरून गप्प बसल्यापर्यंत. काहीही गाळलं नाही.

जावई हसला. "जाऊ द्या हो बाबा. घर म्हटलं की हे चालायचंच."

आप्पांना वाटलं, यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन मुलीला दिला आणि चपला शोधू लागले.

"मी नाही अजून जाऊ दिलेलं," दिवाणावरून विहीणबाई म्हणाल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आप्पा तसेच उभे राहिले. "इतक्यात देणारही नाही. पण जेवायची वेळ झालीय. बसा."

आप्पा बसले.