बिनतेलाचा हात

तेजस्वीच्या डाव्या पायाला जन्मापासून सूज आहे. रक्तासारखंच अंगात एक पाणीही फिरत असतं, लसिका म्हणतात त्याला; या पायात त्याच्या वाटा कमी आहेत. बी.एस्सी.ला मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आता या आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन दर शुक्रवारी गडमुडशिंगीहून शहरात मंगळवार पेठेत जाते, सूज उतरवायचे उपचार करणाऱ्या नजीरा मॅडमकडे.

त्यांच्या हातात पडली की पोर गप्प. मांडीच्या सांध्यापाशी त्या बोटांनी कातडी नुसती ताणतात, सोडतात. इतकं हलकं, की धूळ पुसतायत असं वाटावं. आणि माझी लेक त्यांच्या तोंडाकडे बघत हसते. मी घरी पट्टी बांधायला घेतली की मात्र पाय आखडते.

"घरी सध्या पट्टीच बांधा. हात कसा फिरवायचा ते म्होरल्या महिन्यात शिकवते," त्या म्हणाल्या होत्या.

एकदा सासूबाई सोबत आल्या. "कशी निवांत पडलीया बघ की. हिचीच वाटतीया पोर."

दोघी हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी दार लावून घ्यायची. कोमट खोबरेल, आणि घोट्यापासून वर दाबून दाबून, बाळाला चोळतात तसं. तेजस्वी रडायची. मी मनात म्हणायची, रड, पण माझ्या हातानं बरी हो.

शुक्रवारी नजीरा मॅडमनी घोट्याभोवती टेप फिरवली. गेल्या वेळी चौदा सेंटिमीटर होतं, आज साडेचौदा. त्यांनी पाय नाकाजवळ नेला.

"तेल लावलंत?"

"आंघोळीआधी. जरासं."

"ताई."

मग मीच सगळं सांगितलं. दुपार, दार, रडणं. का केलं, तेवढं सोडून.

"तेलानं हात घसरतो, कातडी ताणली जात न्हाय. आणि वरची वाट मोकळी केल्याबिगर खालचं पाणी जाणार कुठं?" त्यांनी पाय पुसला आणि पोर माझ्यासमोर ठेवली. "म्होरला महिना नको, आजच शिका. मांडीच्या सांध्यापासनं धरा."

"ती तुमच्याच हाताला गप्प असते."

"व्हय की. मी दुखवत न्हाय."

लागलं ते. मी हात ठेवला. पाय आखडला. दाबलं नाही, नुसती थांबले. तेजस्वी मान वळवून त्यांनाच शोधत होती.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पडदा ओढून बाहेर गेल्या.

तेजस्वी पडद्याकडे बघत राहिली. पाय मात्र माझ्या हातात हळूहळू सैल झाला.