पोळ्याचे गोंडे आणि चांदीचा पान्हा

चांदीनं पान्हा चोरला की मंजुळाबाईंचा अख्खा दिवस नासायचा. चांदी म्हणजे त्यांची म्हैस. कपाळावर पांढरी टिकली, डोळे काजळ घातल्यागत, आणि स्वभाव लाडावलेल्या नणंदेचा. कशानं फुरंगटेल, सांगता यायचं नाही. पण मंजुळाबाई खाली बसल्या, बादली गुडघ्यांत धरली आणि ओवी सुरू केली, की चांदी डोळे मिटून धारा सोडायची.

*चांदी माही गं लाडाची, पान्हा सोड झरझर,*
*तुह्या दुधाच्या धारेनं भरू दे माहं घर…*

आणि नेमकं त्या ‘घर’वर गोठ्याच्या मागून यायचं, टण्ण!

चांदी दचकायची, शेपटीचा फटकारा मंजुळाबाईंच्या तोंडावर आणि दूध वरच्या वर गायब.

“दीपमाला! आवर वं त्या तुह्या मशीनले!”

दीपमाला त्यांची सून. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन बुलढाण्याहून अमडापूरच्या या मळ्यात आली, तेव्हा रुखवतात एक लांबडी काळी पेटी होती. बायकांना वाटलं, हार्मोनियम असेल. निघालं धनुष्य. तेही चित्रातल्या रामाच्या हातातलं नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, मधे दोऱ्यांची गुंतागुंत, पुढं एक लांब दांडी. कंपाउंड म्हणतात त्याला. शाळेपासून ती त्यावरच नेम धरत आली होती. लग्नाच्या बोलणीत तिनं एकच मागितलं होतं, की हे सुटायला नको. तेव्हा मंजुळाबाईच म्हणाल्या होत्या, “राहू दे की. काय खायला मागते का ते?”

खायला मागत नव्हतं, पण ओरडत होतं.

मळ्यात लांबच लांब मोकळी पट्टी एकच, गोठ्यामागची. वारा निजलेला असतो तो फक्त सकाळी, आणि नंतर सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, जायचं असायचं. म्हणून धारा काढायची वेळ आणि बाण मारायची वेळ रोज एकमेकींना धडकायच्या.

“आत्या, एकच बाण राह्यला,” दीपमाला ओरडायची. सासूला ती आत्या म्हणे.

“एकच एकच म्हणता बादली कोरडी राह्यली ना बाई!”

नवरा प्रज्वल चिखलीला कामाला जायचा. डबा उचलत तो म्हणायचा, “मले नका ओढू हो मधात. एकीकडं दूध, एकीकडं बाण. मी आपला चाललो.”

शेवटी एका सकाळी चांदीनं भरली बादलीच लाथेनं उलथवली. पांढरा ओघळ गोठ्यातून अंगणापर्यंत गेला. मंजुळाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराला हात पुसत हळू म्हणाल्या, “हे पाय दीपमाला. पुनवेपर्यंत तुह्या धनुष्याचं तोंड बंद झालं तर ठीक. नाही तर ते माळ्यावर जाईन. मले तुहं वाईट करायचं नाही, पण म्हैस आटली तर काय करू?”

पुनवेनंतर चारच दिवसांनी बुलढाण्याला तिरंदाजीची निवड चाचणी होती.

दीपमालानं गुलाबराव सरांना फोन लावला. शाळेपासूनचे तेच तिचे गुरू. ते हसले. “आवाज म्हणजे सांडलेली ताकद, पोरी. जी बाणात जायला पाहिजे, ती दोरीत थरथरत राहते. आधी सगळे स्क्रू तपास. मंग दोरीले मेण लाव. तरी बोलली, तर दोरीवर काही मऊ बसव. रबर, लोकर, काहीही. पण दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर.”

दुपारी तिनं खाटेवर चादर अंथरून धनुष्य आडवं घातलं, तापल्या लेकराला निजवावं तसं. दांडीचा एक स्क्रू ढिला निघाला, तो आवळला. दोरीला मेण लावून बोट कोमट होईपर्यंत चोळचोळ चोळलं. धनुष्याच्या पात्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले. दुसऱ्या सकाळी ‘टण्ण’चं ‘टंग’ झालं. चांदीनं लाथ मारली नाही, पण दूधही दिलं नाही.

आता राहिलं काहीतरी मऊ. लोकर कुठून आणावी? तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या खुंटीकडं गेली. पोळ्याला राजा बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे तिथं लटकत होते. लाल, पिवळे, लिंबाएवढे गरगरीत. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि दोन उतरवले.

सकाळी गोठ्यातून ओवी सुरू झाली. दीपमालानं दोरी ओढली, श्वास धरला, सोडला.

छुन्नन्!

गोंड्याच्या आत घुंगरू होतं. ते काढायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि बाण? दोरीला एवढं ओझं, तर बाण जाणार कसा? तो मध्येच दमला आणि लक्ष्याच्या खाली रचलेल्या गोवऱ्यांत जाऊन घुसला.

मंजुळाबाई धावत बाहेर आल्या. धनुष्याकडं पाहिलं, कमरेवर हात ठेवले. “अवं माय! माह्या राजाचे गोंडे! अन् त्या काठीले शिंगं समजून बांधले का?”

“आत्या, ते सर म्हणाले…”

“सरांनी घुंगरू बांधून नाचवाले सांगतलं का धनुष्य?”

दीपमालाचा चेहरा एवढासा झाला. गोंडे सोडायला ती वळली. म्हणजे संपलं. पेटी माळ्यावर, कणगीच्या मागं, आणि वर उंदीर.

पण मंजुळाबाई गोठ्याकडं पाहत राहिल्या होत्या. चांदी निवांत रवंथ करत उभी होती. “थांब वं,” त्या म्हणाल्या. “हिनं तर कान बी नाही हलवला. घुंगराचा आवाज तिच्या वळखीचा हाय, ते एक असो. पण मागचं ते टणटण कुठं गेलं?”

“गोंड्यानं गिळलं, आत्या. पण गोंडा जड पडते. बाण खाली जाते.”

“मंग बारीक कर ना! इतकी लेचीपेची काऊन होते?”

त्या संध्याकाळी सासू-सुना अंगणात बसल्या. मंजुळाबाईंनी राजाचे गोंडे उसवून त्याच लोकरीचे बोराएवढे दोन गोंडे केले आणि कात्रीनं भादरून भादरून अजून हलके केले. दीपमाला ते दोरीत ओवायची, बोटानं दोरी हळूच छेडायची, आणि मंजुळाबाई कान लावून ऐकायच्या.

“अजून गुणगुणते. वर घे जरासा.”

दीपमाला गोंडा बोटभर वर सरकवायची, खालचा तितकाच खाली.

“आता? आता रडते. परत घे.”

असं करता करता एका जागी दोरी बोललीच नाही. नुसतं ‘फुप्’ झालं. मंजुळाबाईंचा हात कानाजवळच राहिला.

“पुन्हा कर.”

फुप्.

“माह्या माहेरी, मलकापूरले, थंडी आली की पिंजारी यायचा. अंगणात कापूस पिंजायचा. मी लहान, त्या ढिगात पडून राहायची.” त्यांनी स्वतःच दोरी पुन्हा छेडली. “असंच बोलायचं त्याचं पिंजायचं धनुष्य. पार दुरून आल्यावाणी.”

सकाळी दीपमालानं नेमाची खूण थोडी खाली सरकवली, कारण बाण अजून किंचित खाली पडत होता. गोठ्यात ओवी चालू होती. ‘घर’ आलं. फुप्. बादलीत धार वाजली. पुन्हा फुप्, पुन्हा धार. पुनवेला बादली फेसानं काठोकाठ भरली आणि माळ्याचा विषय कोणी काढलाच नाही.

चाचणीच्या सकाळी बुलढाण्याच्या मैदानावर दीपमाला सरावाचे बाण मारायच्या तयारीत होती, तोच तिची मैत्रीण वंदना फोन घेऊन पळत आली. “तुह्या सासूचा फोन हाय. लय घाईत हायेत.”

“दीपमाला वं! चांदी पान्हाच नाही देऊन राह्यली! ओवी म्हटली, सरकीची ढेप चारली, पाठ खाजवली. प्रज्वल खाटेची सुतळी ओढून आवाज काढून राह्यला, तर त्यालेच लाथ मारली तिनं!”

मागून प्रज्वल कण्हला, “मांडीवर मारली व!”

“काऊन पण, आत्या?”

“काऊन म्हंजे? तुहा आवाज नाही ना गोठ्यात! सवय लावली तूनं, आता तूच सांग काय करू? मार एखादा बाण. मी फोन तिच्या कानाशी धरते.”

वंदना तोंडावर हात धरून हसत होती. तिनं फोन दोरीजवळ धरला. दीपमालानं ओढलं, थांबली, सोडलं.

फुप्.

फोनमध्ये चांदीनं एक लांब श्वास सोडला. मग बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली आणि त्या धारेवर मंजुळाबाईंचा आवाज चढला.

*रुई पिंजावी तसा गं, अंगणी धनुष्याचा नाद,*
*दीपमाला सून माही, तिले म्हैस देते साद…*

ओवीत पोराचं नाव येतं, भावाचं येतं. सुनेचं नाव दीपमालानं पहिल्यांदाच ऐकलं. शिट्टी वाजली. डोळे पुसून ती रेषेवर जाऊन उभी राहिली. लाल-पिवळे दोन गोंडे दोरीवर चिमण्यांसारखे बसले होते. तिनं श्वास धरला.

बाण लक्ष्याच्या मधोमध, पिवळ्या वर्तुळात बसला, तेव्हा शेजारच्या पोरीनं मान वळवून विचारलं, “तुह्या धनुष्याचा आवाजच येत नाही. काय लावलं ग?”

“सासूनं लावून देल्लं,” दीपमाला म्हणाली आणि पुढचा बाण चढवला.