लेकीनं आणायची कनिष्ठा

कुंभार पिंपळगावच्या त्या घराची रीत होती: महालक्ष्म्यांच्या सणाला ज्येष्ठेचा मुखवटा सुनेनं घरात आणायचा आणि कनिष्ठेचा लेकीनं. पण रामराव आणि सगुणाबाईंना लेक नाही, असंच सगळे धरून चालले होते. म्हणून दोन्ही मुखवटे सगुणाबाईची धाकटी जाऊ कांताबाईच आणायची. त्यांचीच, पण मुलगा म्हणून वाढवलेली सत्यशीला हातात घंटा घेऊन बाजूला उभी. आपला मान दुसरंच कुणी घेतंय, असं तिला दरवर्षी वाटायचं आणि घंटा ती उगाच जोरात बडवायची.

पुढे पुण्याला नोकरी लागली. सत्यशीला हे नाव तिनं स्वतःच घेतलं. रामराव वारले, त्यानंतर तिनं गावात पाऊल टाकलं नव्हतं. २००४ साली तिनं आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, "लेक म्हणून येईन, न्हाई तर येणारच न्हाई." सगुणाबाई म्हणाली, "ये मंग."

चेहरा बाईचा करून घ्यायला ती ज्या डॉक्टरांकडे गेली, ते हाताचे भलते चपळ. "भुवयांवरचं हाड, नाक, जबडा. तीनदा भूल कशाला? मापं आधीच काढून ठेवतो, एकाच बैठकीत उरकू. सूजही एकदाच." मग त्यांनी विचारलं, "यातलं काही ठेवायचंय?"

"काहीच नको," ती म्हणाली. सण जवळ आला होता, तिला दम धरवत नव्हता.

झालं, उरकलं. आवाज तेवढा राहिला, अगदी रामरावांसारखा घोगरा. त्याची तिला इतकी लाज की जालन्यापासून एसटीत ती मुकाट्यानं बसून आली.

अंगणात सगुणाबाईनं तिला ओळखलंच नाही. मग जवळ येऊन तिनं त्या सुजलेल्या कपाळावरून हात फिरवला. भुवयांवर बोटं थांबली, पुन्हा मागं आली.

"इथलं हाड कुठं गेलं?"

सत्यशीलानं मान खाली घातली.

"तुझ्या बापाचं कपाळ व्हतं ते. तू आली की तुझ्या तोंडात त्यायला बघीन म्हणून वाट बघून राह्यल्ते मी."

नवा चेहरा सत्यशीलाला हवाच होता, त्याचा पस्तावा नव्हता. पण जुन्यात आईचंही काही ठेवलेलं असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

संध्याकाळी कांताबाईनं ज्येष्ठा आत नेली आणि कनिष्ठेसाठी ती परत फिरली.

"ऱ्हाऊ दे, कांता," सगुणाबाई म्हणाली. "कनिष्ठा लेकीनं आणायची असती. लेक आली न्हाई का?" आणि ती आत जाऊन बसली.

पितळी मुखवटा हातात घेऊन सत्यशीला उंबऱ्याशी आली. इथं उत्तर मोठ्यानं द्यावं लागतं, मुकं राहून भागत नाही.

"कोण आलं?" आतून आईनं विचारलं.

"महालक्ष्मी आल्या."

तो घोगरा आवाज ऐकून कांताबाईच्या हातातली घंटा थांबली. सगुणाबाईनं डोळे मिटले.

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

यावर 'या आत' म्हणायचं असतं. सगुणाबाई म्हणेना. डोळे मिटलेलेच, गालांवरून पाणी चाललेलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, "कोण आलं?"