जुनी आवृत्ती कोण सांभाळणार?

दादाला जन्मापासून दिसत नाही. तो एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. पडद्यावरचं सगळं त्याला कॉम्प्युटर वाचून दाखवतो. हा वाचणारा प्रोग्राम कुणा कंपनीचा नाही. ठिकठिकाणचे पाच जण आपापले व्याप सांभाळून तो लिहितात आणि त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो. त्या पाचांतली एक दादाची धाकटी बहीण.

सोमवारी तिने नवी आवृत्ती पाठवली. या आवृत्तीला गणिताची सूत्रं वाचता येत होती. अंध विद्यार्थी वर्षभर त्यासाठी मागे लागले होते. जाता जाता धाकटीने बटणांची मांडणीही सुधारली.

मंगळवारी सकाळी अकराला दादाचा फोन.

"काय करून ठेवलंस गं हे? ओळ वाचायचं बटण दाबलं की परिच्छेदच गाळून पुढे पळतंय. अर्जात एक चूक तशीच राहिली. साहेबांनी सही करताना पाहिली म्हणून वाचलो."

"दादा, नवी मांडणी सोपी आहे. दोन दिवसांत हात बसेल."

"वीस वर्षं बसलेला हात दोन दिवसांत मोडू? नवं कर की, कोण नको म्हणतंय! पण मी जेवत असताना ताट ओढू नकोस."

तिने रागानेच फोन ठेवला. दुपारपर्यंत साठ तक्रारी आल्या आणि राग कुठच्या कुठे गेला. त्याच ढिगाऱ्यात एका विद्यार्थिनीचं पत्र होतं: आज पहिल्यांदा गणिताचं पुस्तक कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. आता मागे फिरावं तर हिचा घात, न फिरावं तर दादाचा. इकडे आड, तिकडे विहीर.

संध्याकाळी पाचही जण व्हिडिओवर जमले. ज्याला सगळे तुफान म्हणत, तो म्हणाला, "जुन्याला कवटाळून बसलो तर संपलोच आपण."

"दोन्ही ठेवू," धाकटी म्हणाली. "जुनीत फक्त चुका दुरुस्त करायच्या, बटणांना हात लावायचा नाही. नवीत काय हवा तो धुमाकूळ घाला. ज्याला जी हवी ती तो घेईल."

"आणि जुनी सांभाळणार कोण?" तुफानने विचारलं.

दुसऱ्याची खरकटी भांडी घासायला कोण पुढे येतं?

"मी सांभाळतो," गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले. एरवी ते कोड कमी लिहीत, शुद्धलेखनच जास्त तपासत. "नवं सुचायचं वय गेलं माझं. पण कुणी बटण हलवायला आलं तर त्याचा हात धरायला मी खंबीर आहे. तीन वर्षं, लिहून देतो."

"मास्तर, तुमच्या पाया पडते!" ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. छातीवरचा धोंडाच उतरला होता.

बुधवारी जुनी आवृत्तीही पुन्हा सगळ्यांना मिळू लागली. दादाचं काम सुरू झालं. तक्रारी दोनावर आल्या, त्याही आवाज बारीक असल्याच्या.

रविवारी ती दादाकडे गेली, तर वहिनी दारातच म्हणाली, "सकाळपासून तुझं ते नवं घेऊन बसलेत. आंघोळसुद्धा नाही."

"घरच्या कॉम्प्युटरवर टाकलंय," आतून दादा ओरडला. "ऑफिसात नाही हं! नऊ चुका सापडल्यात. तुझी ही बया टक्क्याला तक्का म्हणते. लिहून घे."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि लिहून घेऊ लागली.