चौथा होकार

"निघालं एकदाचं डुक्कर," म्हणत भरतकाम करणाऱ्या म्हाताऱ्या पेरनेलने दातांनी शेवटचा धागा तोडला. "आता तुमचा सिंह कुठे बसवू ते दाखवा, कारभारी."

पलंगाचा पडदा तिच्या मांडीवर पसरला होता. त्याच्या एका अंगाला मालकीण अमेलीनच्या माहेरचे तीन बगळे, दुसऱ्या अंगाला नवऱ्याचं निशाण. बगळ्यांना कधी हात लागला नव्हता. नवऱ्याची बाजू मात्र आजची धरून तीनदा उसवून झाली होती. पहिला नवरा गोवराने गेलेला कोवळा पोरगा, दुसरा आजोबा शोभेल असा, तिसरा हा डुक्करवाला, घोड्यावरून पडून गेलेला. दर वेळी पेरनेल जुन्याची जर सोडवून रिळावर गुंडाळायची आणि त्याच जरीने नवा नवरा भरायची. अमेलीनच्या बापाला मुलगा नव्हता. गढी, गिरण्या, नदीवरचा पूल, सगळं अमेलीनचं. आणि अमेलीन मुलुखाचा मालक काउंट ज्याला देईल त्याची.

नव्या नवऱ्याचा कारभारी गोतिये याने पडदा उजेडात धरला. "अगं, याची तर चाळण झालीय!"

"मग काय होईल? कापडालासुद्धा किती सोसायचं ते कळतं. तुमच्या काउंटला कळत नाही. मेलेल्याची माती अजून ओली आहे."

"तुझी जीभ सुईपेक्षा तिखट आहे, म्हातारे," गोतिये हसला. मग दाराशी आलेल्या अमेलीनकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या लेकीचे, ओदेतचे कपडेही बांधून ठेवा. लग्न लागलं की तिला आमच्या गढीवर न्यायचंय. धाकट्या मालकांशी, म्हणजे मालकांच्या मुलाशी, तिचं ठरवलंय."

पेरनेलच्या हातातली कात्री खाली पडली. "त्या एवढ्याशा पोरीचं? ती अजून अंथरुणात मुतते!"

"तिथे वळण लागेल. आणि उद्या बाईसाहेबांना आमच्या मालकांपासून मूल नाहीच झालं, तरी जमीन घरातच राहील." त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. धान्य मापून घेणारा माणूस बोलतो तसा तो बोलत होता.

पेरनेलने अमेलीनकडे पाहिलं. ओरड ना गं, तिच्या मनात आलं, एकदा तरी ओरड. पण ही पोर कधी ओरडलीच नव्हती. तिन्ही लग्नांत चर्चच्या दारात ती इतक्या हळू 'हो' म्हणाली होती की पाद्रीबाबांना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला होता.

"नाही म्हटलं तर?" अमेलीनने विचारलं.

"काउंट गढीही घेतील आणि मुलगीही."

अमेलीन भिंतीला टेकली.

"पण माझा 'हो' ऐकायला बिशपचे लोक समोर असणार," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्यासमोर मी गप्प राहिले तर तुमच्या मालकांची शोभा होईल. गढी मग जाईना का. तर ऐका. ओदेतबरोबर पेरनेल जाईल, कायमची. तिच्याच खोलीत झोपेल, दाराला आतून कडी लावून. मुलगी शहाणी होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत त्या खोलीत पुरुष येणार नाही. तसं तुमच्या मालकांनी बिशपच्या लोकांसमोर शपथेवर सांगायचं. आणि गाडी आधी निघेल. लग्न मग."

गोतियेने हनुवटी खाजवली. "मालकांना विचारतो," म्हणून तो गेला.

"आणि मला?" पेरनेल उसळली. "मला कोण विचारणार? माझी आई इथे पुरलीय. माझी जागा तिच्या शेजारी ठरलीय. मला बोचक्यासारखं गाडीत टाकतेस? तुझ्यात आणि त्या काउंटात फरक काय गं मग?"

अमेलीनचा चेहरा पांढरा पडला. ती जमिनीवर, चिंध्या आणि धाग्यांत, पेरनेलसमोर येऊन बसली.

"चुकलं माझं. विचारते. जाशील?"

पेरनेलने नाक पुसलं. या घरात आजवर तिला कोणी काही विचारलं नव्हतं. चीड तशीच होती, पण आता ती या पोरीवर नव्हती.

"जाते," ती म्हणाली. "आणि तुझ्या नव्या सासूला म्हणावं, पडदा भरायला दुसरी बघ."

लग्नाच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांशी नवऱ्याने सगळ्यांदेखत शपथ घेतली, कडू औषध गिळावं तशी. मग गाडी निघाली. ओदेत पेरनेलला चिकटून बसली होती. अमेलीन निळ्या झग्यात दारात उभी होती. पाद्रीबाबांनी विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. नवरा खाकरला, पाहुणे कुजबुजले. अमेलीन गाडीकडे पाहत राहिली. गाडी पुलावर चढली आणि पलीकडच्या वळणाला लागली.

तेव्हा मागून आवाज आला. "हो!" एवढा मोठा की गाडीवाल्याने बैल थांबवले.

ओदेत दचकून वळली. "कोण ओरडलं गं?"

"तुझी आई."

"आईला एवढं मोठ्याने बोलता येतं?"

"येतं," पेरनेल म्हणाली, आणि गाडीवाल्याला बैल हाकायला सांगितलं.