मामाने सुई पाहिली

मधमाश्या किती होत्या म्हणाल, तर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीत ऊन पोचत नव्हतं. पटत नसेल तर निम्म्या धरा, तेवढ्याही पुरेत. रंगाऱ्याने भिंत घासता घासता वरचं पोळं खरवडलं होतं आणि आता तो बाल्कनीतच आडवा पडून घरघरत होता.

काचेच्या दाराआडून ॲम्ब्युलन्सवाल्या ताईने पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली. तिला मधमाशीचं वावडं. वावडं म्हणजे साधंसुधं नव्हे. लहानपणी एकच माशी चावली, तर गळा सुजून पोरगी जवळजवळ गेलीच होती. त्यावरचं इंजेक्शन गाडीत एकच उरलं होतं. दुसरं सकाळीच एका पेशंटला लागलं. आणि उरलेलं आता रंगाऱ्याला हवं होतं.

"अग्निशमनवाले येईपर्यंत दार उघडायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "नियम आहे."

हा ड्रायव्हर तिचा सख्खा मामा. पोरीला जपीन असा बहिणीला शब्द देऊन त्याने तिला आपल्या गाडीवर घेतलं होतं.

"ते येईपर्यंत याचा गळा थांबणार नाही, मामा."

"आणि तुझा थांबेल?"

"अहो, भांडताय काय!" घरमालकीण ओरडली. "माझ्या घरात माणूस मरतोय!"

मामाने एक सुस्कारा सोडला. रेनकोट चढवला, हेल्मेट घातलं, खिडकीचा जाळीदार पडदा ओढून काढला आणि डोक्यावरून घेतला.

"नवीन आहे हो तो!" बाई कळवळल्या.

"मग नवरी शोभते ना?" पडद्याआडून आवाज आला. "ताई, तू आतल्या खोलीत जा. दार लावून घे. हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही."

मामाचा देह असा, की एरवी दारातून जायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. पण त्या दिवशी गडी रंगाऱ्याला काखेत मारून मांजरासारखा आत आला. दार लोटलं, अंगावरच्या माश्या झटकल्या, पायाखाली चिरडल्या, मग हाक मारली.

रंगाऱ्याला आतल्या खोलीत ठेवून मामा ताबडतोब भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इतकी वर्षं ॲम्ब्युलन्स हाकली, रक्त पाहिलं, मोडकी हाडं पाहिली. पण सुई दिसली की याचे डोळे पांढरे आणि गडी आडवा.

ताईने इंजेक्शन भरलं, आणि तेवढ्यात रंगाऱ्याच्या कॉलरीखालून एक माशी निघाली. सावकाश चालत ती ताईच्या हातमोज्यावर चढली.

ताई गोठली. उठून पळालं, तर इंजेक्शन आपल्याच हातात राहील. चावली तरी आपण वाचू. एकदा याला दिलं की संपलं. तिने रंगाऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

तिने सुई त्याच्या मांडीत खुपसली.

"मामा," ओठही न हलवता ती म्हणाली, "माशी. माझ्या हातावर. मला हलता येत नाही."

माशी मनगटाकडे निघाली होती. तिथे हातमोजा संपत होता.

मामा वळला. डोळे मिटले असते तर माशी कशी दिसली असती? त्याने ते फाडून उघडले, थेट सुईवर रोखले आणि सुईशेजारची माशी अलगद मुठीत मिटली.

"चावली?" ताईने विचारलं.

"मला," मामा म्हणाला. एवढं बोलून तो असा कोसळला, की खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप म्हणून रस्त्यावर आले.

थोड्या वेळाने रंगाऱ्याची घरघर थांबली. ओठांवर रंग आला. ताईने स्वतःचं मनगट उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिथेच फरशीवर बसून खदखदा हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

अग्निशमनवाले धापा टाकत आले. "पेशंट कोण?"

रंगाऱ्याने मामाकडे बोट दाखवलं.

मामा शुद्धीवर आला तेव्हा त्याचा तळहात भाकरीसारखा फुगला होता. त्याने ताईला जवळ बोलावलं. "तुझ्या आईला सांगू नकोस हं."

"काय? माशी माझ्या हातावर बसली ते?"

"ते सांग गं खुशाल," मामा कुजबुजला. "मी पडलो ते सांगू नकोस."